उतारावरची जीप

आमच्या आंदर मावळात जुनी गाडी कुणी सपाटीला लावत नाही. उतार बघून लावायची, चाकाला दगड द्यायचा. सकाळी दगड काढला की गाडी घरंगळते, गिअर टाकला की इंजिन धरतं. बॅटरी मेली तरी कुणाचं अडत नाही. हे मला शहाणपण वाटायचं. आता गाढवपणा वाटतो.

माझी जीप डिझेलची, तिसऱ्या हाताची. तिच्यातून मी कामशेतपर्यंत माणसं आणि दुधाचे कॅन नेत होतो. दोन दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी. लोणावळ्याचा वायरमन म्हणाला, "आबा, सगळी वायरिंग नवी टाकावी लागेल." तेवढी ऐपत नव्हती. मग ज्यानं बॅटरी दिली त्या कामशेतच्या दुकानदाराला धरलं. चार माणसांदेखत म्हणालो, "मेलेली बॅटरी माज्या गळ्यात मारलीस."

तो म्हणाला, "बॅटरी चांगली आहे आबा. गाडीत काहीतरी करंट खातंय, ते शोधा."

"तूच खातूस," मी म्हणालो. लोक हसले. मला लय बरं वाटलं.

त्यानंतर शोधतंय कोण? उतार फुकट होता. बायको म्हणायची, "आवं, ही जीप म्हंजे माजी सासू. ढकलल्याबिगर हालायची न्हाई."

मग शेजारच्या पोरीचं लग्न निघालं. मांडवाचं सामान उतरवायला आमचा उतार मोकळा हवा होता. बायकोच म्हणाली, "दोन दिस काढा की तितनं. लोकांची अडचण कशाला?" मी जीप समाजमंदिराच्या पटांगणात नेऊन लावली. सपाटीला.

तिसऱ्या सकाळी चुलीपुढं बायको छाती धरून बसली. घामानं लुगडं भिजलं. गावातली दुसरी जीप दूध घेऊन कधीच गेलेली. तिला आमच्या जीपमध्ये निजवलं आणि किल्ली फिरवली. टक्. एवढाच आवाज. परत फिरवली. टक्.

मांडवाची माणसं वासे टाकून धावली. ढकलायला लागली, पण पटांगणात सैल मुरूम, चाक पुढं सरकेना. मागून एकजण ओरडत होता, "आबा, क्लच सोडा! आता सोडा!" मी सोडत होतो, इंजिन धरत नव्हतं. ती पडल्या पडल्या म्हणाली, "ऱ्हाऊद्या. मान्सं दमली."

डांबरीवर आणून इंजिन धरेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. कामशेतच्या अलीकडं ती गेली. डॉक्टर म्हणाला, थोडं लवकर आणायला पाहिजे होतं. मला हे सांगून त्याला काय मिळालं, त्यालाच ठाऊक.

महिनाभर मी त्या दुकानदाराला शिव्या घातल्या. मग ठरवलं, नुसत्या शिव्या नकोत, त्याचं पाप पुराव्यानं त्याच्या तोंडावर टाकायचं. बॅटरी चार्ज करून आणली. इंडिकेटरचा जुना बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. बॅटरीची एक केबल काढून मधे तो बल्ब लावला. किल्ली बंद असताना बल्ब पेटायला नको. पेटला. म्हणजे करंट कुठंतरी जात होता. एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, चोर त्या वाटेवर. सगळे फ्यूज माझ्या मुठीत आले. बल्ब जळतच होता.

फ्यूज चुकवून गेलेली वायर त्या गाडीत एकच होती. माझी.

ती बाजार करून येईपर्यंत मला किल्ली बंद ठेवून गाणी ऐकायची असायची. म्हणून टेपची वायर मीच थेट बॅटरीवरून ओढली होती. टेप मोडला, काढून फेकला. आवाज वाढवायचा डबा मात्र सीटखाली त्याच वायरीवर तसाच राहिलेला. हात लावला तर कोमट. वायर तोडली. बल्ब विझला.

अर्धा तास लागला असेल. आणि एक जुना बल्ब.

बॅटरी उचलून त्या दुकानात नेली. म्हणालो, "तपास." त्यानं मशीन लावलं.

"चांगली आहे आबा." मग खाली बघत म्हणाला, "तेव्हाही चांगलीच होती."

"व्हय," मी म्हणालो. "वायर माजीच व्हती."

त्यानं स्टूल पुढं सरकवलं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी दोघं तिथंच उभे होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.