शनीसाठी पक्का जॉइंट

बाबांनी अमरावतीत चाळीस वर्षं लोकांच्या घरी नवग्रह-शांती केल्या. प्रत्येक ग्रहाची एक सुपारी. मी दुर्बिणीला कॅमेरा जोडून फोटो काढतो हे कळल्यावर म्हणाले, "ज्याच्या नावानं एवढ्या सुपाऱ्या मांडल्या, त्या शनीचं तोंड तं दाखव एकदा."

खुबा मोडल्यामुळे त्यांना गच्चीवर चढता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी अकोल्याला न्यायचं होतं. म्हणजे फोटो त्याच संध्याकाळी हवा होता.

कॅमेरा लावला की दुर्बीण कुठे बघते तेच कळत नाही. म्हणून आधी त्याच जागी डोळ्यानं बघायचं भिंग बसवून शनी धरायचा, मग भिंग काढून कॅमेरा लावायचा. भिंग त्या जागी बसवायला सासरच्या संत्र्याच्या बागेतून, चांदूर बाजारहून, ठिबकच्या पाइपाचा तुकडा आणला होता. बसवला तर ढिला. साळ्याला फोन केला.

"सोल्युशन लावा ना भाऊजी! बिना सोल्युशनचा जॉइंट पक्का होते काय कुठं?"

लावलं. दोन्ही टोकांना, सढळ हातानं. भिंग पाइपातून निघेना, पाइप दुर्बिणीतून निघेना. बागेत असता तर थेंब गळाला नसता. कॅमेऱ्याला जागाच उरली नाही. वर सोल्युशनच्या वाफेनं भिंग पांढरं झालं. शनी सोडा, समोरची पाण्याची टाकी दिसेना.

मग मी हुशारी केली. नेटवरून शनीचा फोटो घेतला, खाली जाऊन बाबांसमोर मोबाइल धरला.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "लईच साफ आहे. हा तुया हातचा नाही."

"जॉइंट जरा जास्तच पक्का झाला, बाबा."

"बरं. आल्यावर पाहू."

आले नाहीत. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी अकोल्यातच गेले. परतताना मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि पाइप कापायला कोणती करवत लागेल याचा विचार करत होतो. बडनेरा येईपर्यंत तोच.

तेराव्यानंतर पाइप कापला. नवं भिंग आणलं, नव्या तुकड्यात कागदाची घडी घालून बसवलं. सातच्या सुमारास शनी सापडला. भिंग सहज निघालं, कॅमेरा बसला. फोटो आईला दाखवला. पिवळट, लांबट, कडा धूसर.

"सुपारी हाय काय?"

"शनी."

"अस्सं," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

फोटो ठेवला आहे. कोणाला दाखवायचा ते ठरलेलं नाही.