चार नंबरच्या मशीनवरचा नगरपिता

नगरपित्याला कुठलंही दुःख सांगा, तो 'अरेरे' म्हणायचा नाही. शांतपणे ऐकून घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि विचारायचा, "बरं. मग तुम्ही काय करता?" डायलिसिसच्या पहिल्या दिवशी मला याचा भयंकर राग आला होता. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, हातात दोन जाड सुया, अंगातलं रक्त नळीतून बाहेर पडून मशीनमधून फिरून परत अंगात येतंय, आणि ओळीतल्या शेवटच्या खाटेवरचा पस्तिशीचा पोरगा मला विचारतोय, तुम्ही काय करता. "शाळेत मराठी शिकवते," मी फणकाऱ्याने म्हटलं. "तसं नाही, बाई," तो म्हणाला. "तुमच्या शहरात कंपनीने पाणी बंद केलंय, जिन्याखाली पहारा बसलाय आणि तुमचा उजवा हात यंत्राचा आहे. आता तुम्ही काय करता?"

मला वाटलं, याच्या डोक्यात युरिया चढलाय. आमच्यात तसं होतं कधी कधी.

तसं काही नव्हतं. हा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तिथे सुट्टीच्या दिवशी मित्रांचा अड्डा जमायचा. एकाने एक जग उभं करायचं, बाकीच्यांनी त्यात कोणी ना कोणी व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून, बोलता बोलता, त्या जगाची गोष्ट पुढे न्यायची. जग उभं करणारा नेहमी हाच. त्याचं जग नेहमी पुढच्या काळातलं आणि काळंकुट्ट असे: कंपन्यांचं राज्य, माणसांच्या अंगात बसवलेली यंत्रं, जाहिरातींच्या उजेडात उपाशी गल्ल्या. त्याचे मित्र याला सायबरपंक म्हणत. मग किडन्या गेल्या, त्यामागे नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं आणि तो जुळे सोलापुरात वडिलांच्या दोन खोल्यांत परत आला. आई आधीच गेलेली. वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. तेच त्याला स्कूटरवरून आणत आणि चार तास खाली बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसून राहत.

सोमवारी आणि गुरुवारी दुपारच्या पाळीला आम्ही चौघं एका ओळीत. मी, मैंदर्गीला बांगड्यांचं दुकान चालवणारी अक्का, मोडनिंबचे डाळिंबाचे व्यापारी तात्या आणि शेवटच्या, चार नंबरच्या मशीनवर हा. 'नगरपिता' हे नाव तात्यांचं. "ते पंक-बिंक ऱ्हाऊ द्या," ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "तुमी अक्खं शहर वसवलंय न्हवं? मग तुमी नगरपिता. निवडून न आलेले, एवढंच." अक्का मात्र त्याला तम्मा म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

शहर सोलापूरच होतं, फक्त पुढचं. सिद्धेश्वर तलाव आटलेला, त्यावर कंपनीने एक मोठा पडदा अंथरलेला, पडद्यावर पाण्याचं चित्र हलतं आणि लोक ते बघायला रांगा लावतात. गिरणीच्या जुन्या चिमणीवरून कंपनीचा दिवा सगळ्यांच्या खिडक्यांतून फिरतो. माग आपले आपण चालतात, चादरी विणत राहतात, त्या पांघरायला माणसं उरलेली नाहीत. नळाला पाणी आठवड्याने. "आत्ता तरी कुटं रोज येतंय?" तात्या विचारायचे. "लई लांबचं न्हाय तुमचं शहर."

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, इथे आहे ते कमी आहे का? एखादं छान जग कर की. झाडं, नदी, काहीतरी." तो म्हणाला, "छान जगात गेलं की परत येताना फार त्रास होतो, बाई. इथून परत आलं की निदान पंखा तरी बरा वाटतो." मे महिना होता. आम्हाला दिवसाला मोजून थोडं पाणी प्यायची परवानगी, आणि बाहेर सोलापूरचं ऊन. माझी जीभ टाळूला चिकटलेली असायची. पण खरं सांगते, त्या चार तासांत तहान माझी एकटीची राहत नसे, त्या शहरातल्या सगळ्यांची होई.

पुण्यात ते लोक फासे टाकत. कोणाचा डाव यशस्वी होतो, कोणाचा फसतो, हे फाशांवर. इथे आमचा एक हात बांधलेला, फासे टाकणार कशावर? नगरपित्याने तोड काढली. प्रत्येकाच्या मशीनवर रक्ताच्या दाबाचा आकडा सारखा बदलत असतो, त्याचा शेवटचा अंक हाच फासा. पाचच्या वर आला तर जमलं, खाली आला तर कंपनीने धरलं. तात्यांच्या लवकरच लक्षात आलं की जोरात खोकलं की आकडा हलतो. मग पडकी भिंत चढताना तात्यांना हटकून खोकला यायचा. मशीन कोकलायचं, सिस्टर धावत यायची आणि नगरपिता गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "खोकल्याचा आवाज पहारेकऱ्याने ऐकला. आता काय करता, तात्या?"

तात्या त्या शहरात आंधळा भिकारी होते, ज्याचे डोळे कंपनीने काढून नेले होते. मी चोरटी. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या आणि तिथे लोकांच्या चोरीला गेलेल्या आठवणी पदराखाली लपवून वेशीबाहेर पोचवत होते. ते मला इतकं आवडू लागलं की शाळेत तास चालू असताना पळायच्या वाटा सुचायच्या. अक्काला जग अंधारं ठेवणं मुळीच जमायचं नाही. ती मधूनच एखादा साधू आणायची, नाहीतर कोणाच्या तरी दारात खिचडी शिजायला लावायची. नगरपिता साधूला येऊ द्यायचा, बसू द्यायचा, आणि मग हळूच सांगायचा की साधू कंपनीचा माणूस आहे. "अय्यो तम्मा," अक्का कळवळायची, "एक तरी मानूस बरा ठेव की."

पावसाळा लागता लागता त्याच्या हाताची, सुया टोचायची शीर बंद पडली. दुसऱ्या हातावर ऑपरेशन करून नवी केली, तीही महिन्याभरात बसली. मग मानेत नळी घातली. नळीतून ताप यायला लागला. किडनीच्या प्रतीक्षा यादीवर नाव होतं, पण ते कुठवर आलं हे कोणीच सांगत नव्हतं. वडिलांची किडनी त्यांच्या साखरेमुळे त्याला घेता येत नव्हती. तो पूर्वीसारखाच गोष्ट सांगायचा, पण मध्येच थांबायचा आणि छताकडे बघत राहायचा. एका गुरुवारी माझ्या सुया निघाल्यावर तो मला म्हणाला, "बाई, मी आता थांबणार आहे." मी म्हटलं, "कंटाळा येतो रे सगळ्यांनाच." तो म्हणाला, "कंटाळा असता तर काढला असता."

सोमवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. डायलिसिस थांबवलं की काय होतं हे आम्हा तिघांना कोणी समजवायची गरज नव्हती. अंगात पाणी साचतं, मग ते छातीत चढतं. चार नंबरच्या मशीनवर पांढरा कपडा टाकलेला होता आणि मला तिकडे बघवत नव्हतं. तात्यांनी त्याच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "खोलीचं दार लावून बसलाय. डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. मी त्याच्या पाया पडलो, बाकी काय करू?"

तात्यांनी फोन ठेवला. मग अक्का म्हणाली, "त्याचा फोन लावा. बोलायचं न्हाई. निरोप धाडायचा." मी माझ्या मोकळ्या हाताने फोन तिच्या तोंडाशी धरला. ती करड्या आवाजात बोलली, "नगरपित्या, कंपनीनं तुला धरलंय. तळघरातल्या कोठडीत हाईस. भाईर पहाऱ्याला मीच हाय. सोमवारी तुझा निकाल. सुटायचं असंल तर यायला पायजे, न्हाईतर आमी काय ते ठरवू."

तो दुसऱ्याच दिवशी आला, पाळी नसताना. त्याला आधी घ्यावं लागलं, इतका तो सुजला होता. हे मला नंतर सिस्टरने सांगितलं. सोमवारी मात्र तो आमच्यासोबत होता, नाकाला ऑक्सिजन, चेहरा भातासारखा पांढरा. मशीन सुरू झाल्याबरोबर तो म्हणाला, "तळघर कुठलं? माझ्या शहरात तळघर नाही."

"आता हाय," अक्का म्हणाली.

त्यानंतर तो शहर चालवणारा राहिला नाही, शहरातला कैदी झाला. आम्ही तिघं मिळून त्याला कोंडत होतो. त्याला त्या जगातल्या सगळ्या युक्त्या माहीत. आम्ही नवखे. तो कुलूप उघडायचा, तर पलीकडे दुसरं दार निघायचं. त्याने पहारेकऱ्याला फितवलं, तर नेमकी पाळी बदलायची. चार तास संपत आले की तो सुटायच्या अगदी बेतात असायचा आणि अक्का म्हणायची, "आज एवढंच. राहिलेलं गुरवारी." एकदा तो हसला आणि मला म्हणाला, "मला कळतंय हं तुम्ही काय करताय." मी म्हटलं, "कळू दे." मला त्या वेळी त्याच्या कळण्याशी काहीही देणंघेणं नव्हतं. तो गुरुवारी यायला हवा होता, बस.

तो येत राहिला. दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी त्याने कोठडीचं शेवटचं दार गाठलं आणि आम्ही ते उघडू दिलं नाही. शनिवारी त्याला ताप भरला. दवाखान्यात नेलं, पण संसर्ग रक्तात उतरला होता. रविवारी तो गेला. त्याने थांबवलं नव्हतं, तो सोमवारी येणार होता, हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. त्याने माझं समाधान झालं नाही, अजूनही होत नाही.

दिवस झाल्यावर त्याचे वडील वर आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते जिना चढून आत आले होते. हातात बर्फ घातलेला थर्मास. त्याच्यासाठी आणलेली इंजेक्शनं फ्रिजमध्ये पडून होती, ती इथल्या कोणाला तरी लागतील म्हणून आणलेली. ती सिस्टरकडे देऊन ते निघाले नाहीत. आमच्या खाटांजवळ येऊन उभे राहिले.

"तुम्ही त्याला कुठेतरी कोंडलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

अक्काने होकारार्थी मान हलवली.

"तापात सारखं म्हणत होता, दार उघडत नाही. मला वाटलं, भ्रम झालाय. परवा त्याच्या फोनवरचा तुमचा निरोप ऐकला." ते आमच्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते चिडले नव्हते. "मला तुमचं ते काही समजत नाही. पण तो तिथेच राहिलाय, असं सारखं मनात येतं. त्याला सोडवा की तिथून."

तात्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी रडत होते आणि बांधलेल्या हातामुळे मला डोळेही धड पुसता येत नव्हते. मग अक्का म्हणाली, "काका, त्यो स्टूल घ्या. बसा हितं."

ते बसले.

"पहाऱ्याला मीच हाय," अक्का हळू आवाजात सांगू लागली. "किल्ली माझ्याच कमरंला हाय. मी उठले. कुलूप काढलं. दार उघडलं. बाई, तुमी?"

"मी बाहेर गल्लीत उभी आहे," मी म्हटलं. "चिमणीचा दिवा पलीकडे वळला की त्याला हाक मारते."

"मी हाय म्होरं," तात्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. "मला वाट पाठ हाय. अंधाराचं मला काय न्हाय."

"तम्मा भाईर आला, काका," अक्का म्हणाली. "आमच्यासंगट वेशीकडं निघालाय."

काका पुढे वाकले. "चालवतंय का त्याला? पायांवर फार सूज होती."

"सूज उतरली, काका. चालतोय की."

"मग थांबू नका," ते म्हणाले. "चालू द्या त्याला."