बाळाच्या चट्ट्याला बाबाची ट्यूब

मैत्रिणींनो, डोकं पार चक्रावलंय, म्हणून इथे लिहितेय.

आमची स्वरा आठ महिन्यांची. तिच्या पोटावर लाल, गोल चट्टा उठला. सासूबाई म्हणाल्या, घामोळं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, गजकर्ण. नवरा चाकणला कंपनीत आहे, त्याने स्वतःच्या बॅगेतली मलमाची ट्यूबच पुढे केली. "अगं, आमच्या लाइनवर सगळे हीच लावतात. लगेच साफ होतं!"

खरंच गेला चट्टा. आणि परत आला तो दुप्पट होऊन.

आज निगडीला डॉक्टरांकडे गेलो. ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हातच लावला. "यात स्टेरॉइड आहे. वरची लाली दबते, पण बुरशी वाढत राहते. हे गजकर्णच आहे." मग नवऱ्याला विचारलं, "तुम्ही ही कुठे लावता?"

तो खाली बघत म्हणाला, "कमरेला. पट्ट्याखाली खाजतं."

आणि शिफ्टवरून आला की त्याच कपड्यांत तो स्वराला उचलून घेतो! मला खाजेचं काही माहीतच नव्हतं.

आता बाप-लेक दोघांनाही औषध, टॉवेल-कपडे वेगळे. डॉक्टर म्हणाले, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बाळाला खुशाल घ्या. सासूबाई म्हणतात, बरं होईपर्यंत हातसुद्धा लावायचा नाही.

मघाशी तो अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दारातच थांबला. स्वराने दोन्ही हात पुढे केले. त्याने माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे.

तुम्ही काय केलं असतं?