अभ्र्यांमागच्या चिठ्ठ्या

आधी माफी मागतो. इलोना नेनींवर लिहायचा अधिकार खरं तर माझा नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांच्या भाषेतले दहा-बारा शब्द सोडले तर मला काही येत नाही, आणि लेख वगैरे लिहायची ही माझी पहिलीच वेळ. कराड सोडलं तेव्हा मी सातवीत होतो. माझी मराठीही बहुधा तेवढ्याच वयाची राहिली असेल... सांभाळून घ्यावं. पण मी लिहिलं नाही तर एक गोष्ट कुणालाच कळणार नाही, आणि ती कळायला हवी. त्यांना जाऊन आता सात आठवडे झाले.

ओहायोतलं आमचं गाव एकेकाळी पोलादाच्या कारखान्यावर जगायचं. त्या कारखान्यासाठी आलेल्या हंगेरियन लोकांची इथे मोठी वस्ती होती. आता कारखाना नाही, वस्तीही फारशी उरली नाही. उरलं ते त्यांचं चर्च, आणि चर्चच्या जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावरचं तीन खोल्यांचं संग्रहालय. इलोना नेनी ते सांभाळायच्या. नेनी म्हणजे आपली मावशी किंवा काकू, थोरल्या बाईला तिकडे असंच म्हणतात. लहानपणी आईचं बोट धरून, रात्रीत सीमा ओलांडून त्या देशाबाहेर पडल्या होत्या. मला भेटल्या तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या होत्या. आम्ही इंग्रजीत बोलायचो, आणि इंग्रजीत अहो-जाहो नसतं, पण मनात मी त्यांना कायम अहोच म्हणत आलो.

माझे बाबा गोदामात काम करतात. आई इंडियन ग्रोसरीच्या मागच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. मंडळाच्या गणपतीत भेटणारे काका लोक डॉक्टर नाहीतर इंजिनियर. "मेजर काय घेतलंस?" असं विचारतात, म्हणजे मुख्य विषय कुठला, आणि हिस्टरी म्हटलं की, "अरे यार, मग जॉबचं काय?" तेव्हा कॉलेजने पहिल्या वर्षी संग्रहालयात आठवड्याला दहा तासांचं काम दिलं याचा आईला केवढा अभिमान. पहिल्या दिवशी नेनींनी ना माझे मार्क विचारले, ना नाव. म्हणाल्या, "हात दाखव." मी दाखवले. "आता धुऊन ये. आणि लक्षात ठेव फियाम, इथे मला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही." फियाम म्हणजे बाळा. दोन वर्षं मी फियामच होतो.

तिथे दर वसंतात एक प्रदर्शन भरतं. जुन्या हंगेरियन घरात एक खोली फक्त मिरवायला असायची. तिच्यात कुणी झोपत नसे. पलंगावर थेट छतापर्यंत उशा रचायच्या, मुलीच्या लग्नात द्यायच्या. उशीची फक्त दर्शनी बाजू दिसते म्हणून अभ्र्यावर तेवढंच भरतकाम. लाल दोरा, नाहीतर काळा, आणि साखळी टाका इतका दाट की खालचं कापड दिसू नये. तशी एक खोली नेनी दर वर्षी उभी करायच्या. साठेक अभ्रे होते, सगळे गावातल्या कुटुंबांनी दिलेले. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला धावदोऱ्याने एक चिठ्ठी टाचलेली होती. कुणी भरला, कुठल्या गावात, कोण घेऊन आलं. उद्घाटनाच्या दिवशी म्हातारी माणसं, त्यांची नातवंडं रांगेने यायची आणि नेनी एकेक उशी काढून, उलटी करून, चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या. चिठ्ठीवर 'कोवाच यानोशची पत्नी' एवढंच असायचं. त्यांच्यात लग्नानंतर बाईचं नाव असंच लिहायची रीत होती. नेनी ते वाचायच्या, मग चष्म्यावरून बघायच्या. "हे काही नाव झालं? ही झुझा. हसरी होती, गुडघेदुखीने रडायची, आणि हिचा साखळी टाका सगळ्यांत बारीक." झुझा हे नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त नेनींना ठाऊक होतं, आणि चिठ्ठी समोर आली की त्यांना आठवायचं.

पहिल्या वर्षी मी आईला घेऊन गेलो होतो. आईला इंग्रजी जेमतेम येतं, नेनींचे उच्चार तर मलाही कळायचे नाहीत. पण आईने अभ्रा हातात घेतला आणि सुलट बाजू बघायच्या आधी उलटा केला. नेनी टाळी वाजवून म्हणाल्या, "बघ, हिला कळतं! दोऱ्याच्या गाठी बघते आहे." आईने चिठ्ठीकडे बोट दाखवलं, "हे काय रे?" मी सांगितलं, बाईचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून. आई म्हणाली, "आमच्याकडे भांड्यांवर घालतात नाव. तेही नवऱ्याचंच." मी भाषांतर केल्यावर नेनी इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. पुढे आईने त्यांना घरचं तिखट पाठवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "तुझ्या आईला सांग, आमची पाप्रिका हा मसाला आहे. हे जे आहे ती शिक्षा आहे." डबा मात्र तिखट संपवूनच परत आला, आणि त्यात अक्रोडाची बिस्किटं.

आता ते लिहितो ज्यासाठी बसलो आहे.

दुसऱ्या वर्षी मी म्युझियमवरचा एक कोर्स घेतला होता. त्यात शिकवलं की जुना कागद आणि शाई कापडाला खराब करतात, अशा चिठ्ठ्या अभ्र्यात ठेवू नयेत. जानेवारीत नेनी दोन आठवडे भाचीकडे गेल्या. मला वाटलं, त्या येईपर्यंत सगळं नीट करून ठेवू. खूश होतील... खरंच एवढंच वाटलं होतं. मी खालच्या हॉलच्या लांब टेबलांवर सगळे अभ्रे मांडले, धावदोरे कापले, चिठ्ठ्या सोडवल्या आणि ज्याच्या त्याच्यावर ठेवल्या. प्रत्येक अभ्र्याला नंबर देऊन फोटो काढले. फोटो दर्शनी बाजूचे. चिठ्ठ्यांवर नंबर घालायचे उद्यावर ठेवले. दुपारी तीनला चर्चच्या कमिटीतले चार आजोबा मांसाचे टब घेऊन आत आले. दुसऱ्या दिवशी सॉसेज करायचा कार्यक्रम होता, दर हिवाळ्यात असतो, आणि टेबलं त्यांना लगेच हवी होती. "चल पोरा, उचल तुझ्या चादरी-उशा!" कापडाला चरबी लागेल या भीतीने मी भराभर अभ्रे एकावर एक रचले आणि चिठ्ठ्या गोळा करून एका पाकिटात टाकल्या. वर जाऊन पाकीट उघडलं, तेव्हा लक्षात आलं मी काय केलं ते. सगळ्या चिठ्ठ्या एकाच जाडीच्या, एकाच पिवळटपणाच्या. कुठल्यावर 'सबो इश्तवानची पत्नी', कुठल्यावर 'नॉज फेरेंत्सची पत्नी'. कुठली कुणाची, हे सांगणारं त्या खोलीत काहीच नव्हतं.

नेनी परतल्या त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही पाठ केलं होतं. त्यांनी पहिली उशी उलटी केली आणि हात थांबला. दुसरी केली. तिसरी. मग कपाटात ते पाकीट सापडलं. त्यातली एक चिठ्ठी काढून त्यांनी वाचली. माझ्याकडे वळल्या तेव्हा मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो, असं मी स्वतःला आजही सांगतो. पण त्या म्हणाल्या, "तुला तर न विचारता हात लावायची सवयच नाही. म्हणजे मीच काढल्या असणार. उन्हाळ्यात धुवायला म्हणून... हो ना?" आणि मी गप्प राहिलो. त्याच आठवड्यात त्या माझ्यासाठी शिकागोच्या एका मोठ्या संग्रहालयातल्या समर इंटर्नशिपचं शिफारसपत्र लिहिणार होत्या. आईचं ते सगळ्या मावश्यांना सांगून झालं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. दुसरं काही कारण नव्हतं, म्हणून सांगतो.

त्यानंतर त्या रोज खिडकीपाशी बसून चिठ्ठ्या जुळवायच्या. अभ्रा उजेडात धरायच्या, टाक्यावरून बोट फिरवायच्या. "ही डावखुरी होती, टाके उलट्या बाजूने पडलेत. ही तेरेझ." मी पेन्सिलीने नंबर घालायचो. कधी कधी एका दुपारी दोन जुळायचे, कधी आठवड्यात एकही नाही. न जुळणारा अभ्रा त्या मांडीवर तसाच ठेवून बसायच्या आणि पुटपुटायच्या, "डोकं गेलं माझं, फियाम." मी म्हणायचो, "असं काही नाही, नेनी." त्यांना तो धीर वाटायचा. एप्रिलपर्यंत निम्मे जुळले.

प्रदर्शनाच्या दिवशी एक आजोबा वॉकर ढकलत आले आणि नेहमीसारखं विचारलं, "माझ्या आईची उशी कुठली, इलोना?" नेनींपुढे दोन होत्या. दोन्ही लाल, दोन्हींवर ट्युलिपची फुलं. त्यांनी एक उचलली, ठेवली, दुसरी उचलली. मग दोन्ही खाली ठेवून म्हणाल्या, "मला नाही आठवत." आजोबा म्हणाले, "असू दे, दोन्ही छान आहेत." आणि वॉकर वळवून निघून गेले. मी चार पावलांवर कॉफीचे कप घेऊन उभा होतो.

मे महिन्यात मी शिकागोला गेलो. जूनमध्ये कळलं की नेनींनी किल्ल्या कमिटीकडे देऊन टाकल्या आणि त्या भाचीच्या गावी एका वृद्धाश्रमात राहायला गेल्या. वय झालं, असंच सगळे म्हणाले. जुलैत मी फोन केला. "नेनी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे." पलीकडून आवाज आला, "सांग की. पण मोठ्याने सांग आणि उद्या परत सांग. हल्ली माझा भरवसा नाही." त्या हसल्या. मी म्हणालो, "काही नाही... आई तुमची आठवण काढत होती." त्यांनी आईला नमस्ते सांगितलं, त्यांच्या उच्चाराने.

ऑगस्टमध्ये त्या गेल्या. झोपेतच. मला नऊ दिवसांनी कळलं. चर्चच्या हंगेरियन पत्रकात आलं होतं, ते वाचून मला कळवावं असं कुणाला सुचायचं कारण नव्हतं.

आता कॉलेज सुरू झालं आहे. आठवड्याचे दहा तास मी पुन्हा तिथेच असतो. पलंग तसाच आहे, उशा छतापर्यंत. पाकिटात अजून अठ्ठावीस चिठ्ठ्या आहेत. त्या अठ्ठावीस बायकांची स्वतःची नावं आता कुणालाच ठाऊक नाहीत. मी हात धुतो, अभ्रा उजेडात धरतो, टाक्यांवरून बोट फिरवतो... मला काही कळत नाही. मागच्या रविवारी आईला घेऊन गेलो होतो. तिने तीन-चार उलटून पाहिले आणि म्हणाली, "हात वेगळे आहेत एवढं कळतं रे. पण कुणाचे, ते मी कुठून सांगू?"

त्याच दुपारी नेनींची भाची, मार्ता, त्यांचे चष्मे आणि सुयांचा डबा न्यायला आली. पलंगापाशी उभी राहून ती आईशी बोलत होती, आणि मी मध्ये भाषांतर करत होतो. आईने विचारलं, शेवटी फार त्रास झाला का? मार्ता म्हणाली, "शरीराचा नाही. मावशीला घर सोडायला कुणीच सांगितलं नव्हतं. तिचाच हट्ट. म्हणाली, माझं डोकं आता धोक्याचं आहे, उद्या गॅस चालू ठेवीन. आम्ही तिला तीन वेळा डॉक्टरकडे नेलं. सगळ्या टेस्ट झाल्या. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, बाई, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, काहीही झालेलं नाही. पण तिचा विश्वासच बसेना. प्रत्येक वेळी त्यांना एकच विचारायची, मग त्या चिठ्ठ्या काढल्या कोणी?"