सासूच्या चुलीवरची लाल वडी

"ह्यो लाल डबा माज्या चुलीपाशी कुनी ठिवला रं? आन् नाव कॅमेऱ्याकडं करून?"

"मावशे, सजावट हाय ती. तू ढवळ गप."

"सजावट? तुज्या आईच्या चुलीपाशी आसली सजावट हाय का रं, न्दुका?"

दिग्दर्शक न्दुका डोकं खाजवत उभा राहिला. आसाबा शहरात निम्मी घरं सिनेमावाल्यांना भाड्यानं जातात, त्यातल्याच एका घराच्या परसात शूटिंग मांडलं होतं. तीन दगडांच्या चुलीवर कडू पाल्याचं कालवण रटरटत होतं आणि पुढं बुटक्या स्टुलावर अझुका बसली होती. सिनेमातली सासू. कपटी, खाष्ट, सुनेच्या मुळावर उठलेली.

एरवी ही बाई बाजारात ओगिरी विकते. एगुसीच्या, म्हणजे रानकलिंगडाच्या, बिया उकडायच्या, पानात बांधून आंबवायच्या, कुटून बारक्या पुड्या करायच्या. वास असा की नवखा नाक धरून पळतो, आणि कालवणात पडली की तोच माणूस ताट चाटतो. आजीनं हेच विकलं, आईनं हेच विकलं. अझुकाचा नवरा लवकर गेला. लेक इसिओमा ओगिरीवरच शिकून नर्स झाली. सिनेमात ती आली भांडणापायी. एका गिऱ्हाईक बाईनं पुडी उलगडली, हुंगली आणि तोंड वाकडं करून परत टाकली. अझुकानं तिच्या सात पिढ्या उद्धारल्या. मासळी घ्यायला आलेला न्दुका पिशवी खाली ठेवून बघतच राहिला. म्हणाला, "मावशे, ह्येच कॅमेऱ्याम्होरं करशील का?"

तेव्हापासून तिनं किती सुना छळल्या त्याला गणती नाही. लोक तर सगळं खरंच धरून चालतात. एकदा रिक्षात शेजारी बसलेली बाई तिला बघून ताडकन उठली.

"आसल्या सटवीसंगं मी बसायची न्हाई! त्या बिचाऱ्या पोरीनं तुजं काय घोडं मारलं हुतं?"

"अगं बाई, ती पोरगी काल माज्याच घरी जेवून गेली."

"जेवली? मंजी आता ती बी मरनार!"

अझुकाला ही गोष्ट सांगताना फार हसू यायचं. आज मात्र लाल डबा बघून तिचं हसू पळालं होतं.

त्याला कारण होतं. मागच्या वर्षी मसाल्याच्या वड्यांच्या कंपनीनं बाजारात फुकट छत्र्या वाटल्या. वडीच्या नावाची लाल छत्री डोक्यावर आणि खाली ओगिरी, असली तऱ्हा सुरू झाली. गिऱ्हाईक छत्री वाचायचं आणि वडी घेऊन जायचं. तेव्हा ओगिरीवाल्या बायका उठल्या आणि ओमूकडं गेल्या. ओमू म्हणजे बाजाराची कारभारीण, तिचा शब्द खाली पडत नाही. तिच्यापुढं शपथ म्हणून कोलाचं बी फोडून सगळ्यांनी खाल्लं. वडीची छत्री घ्यायची नाही, वडीचं गुणगान गायचं नाही. जी गाईल तिची जागा ओळीतून उठली. त्यात सगळ्यांत मोठा आवाज अझुकाचा. शेजारच्या ओन्येमाला भर उन्हात छत्री परत करायला लावली ती हिनंच.

आणि आता त्याच वडीचा हा डबा.

"खरं बोल," ती म्हणाली. "कुनाचा पैका हाय ह्यात?"

न्दुका खाली बसला. "कंपनीनं जनरेटरचं तेल दिलंय, गाड्या दिल्यात. त्यांचा मानूस लागोसवरनं आलाय. मावशे, उघड जाहिरात लागली की लोक पानी प्याया उठत्यात. गोष्टीतच घुसली की बसून बघत्यात, आन् आपन काय बघितलं त्ये त्यांचं त्यांनाबी कळत न्हाई. तुला निस्तं येक वाक्य हाय. 'ह्या वडीबिगर माज्या हाताला चव न्हाई.'"

"मुडद्या! बाजारात केस ईंचरायच्या परत्येक दुकानात तुजा सिनेमा लागतोय. ओन्येमा काय म्हनंल मला?"

"ती मी न्हाई, ती सिनेमातली बाई, आसं सांग."

"रिक्षातल्या त्या बाईला सांगून बघ की!"

पण निम्म्याच्या वर सिनेमा झाला होता. आता उठावं तर सगळ्यांच्या पोटावर पाय. बसावं तर खाल्लेल्या कोलाशी बेइमानी. इकडं आड, तिकडं विहीर. बाजारात सगळ्यांना गप्प करणारी अझुका डोक्याचं फडकं नीट करून कालवण ढवळायला लागली.

लागोसचा माणूस, अडेगोके, इस्त्रीच्या सदऱ्यात खुर्ची टाकून बसला होता. पुढ्यातल्या बारक्या पडद्यात त्याला लाल डबा कसा लख्ख दिसत होता. "बाई, डबा जरा पुढे घ्या. वा! घरातली माउली, घरातली चव. अगदी असंच हवं होतं!"

कॅमेरा सुरू झाला. अझुकानं वडी फोडून कालवणात टाकली आणि ते वाक्य म्हटलं. मनाविरुद्ध म्हटलं, पण म्हटलं. अडेगोकेनं मांडीवर थाप मारली.

मग तिनं कमरेची पुरचुंडी काढली. इकडं तिकडं बघितलं. त्याच हातानं, त्याच डब्याला खेटून, पुरचुंडीतली पूड तिनं कालवणात झटकली आणि दात काढून हसली. सून आली. एक घास घेतला, डोळे फिरवले आणि तोंडाला फेस आणून धाडकन पडली.

खुर्ची उलटली. अडेगोके उभा.

"थांबवा! ही मेली कशी?"

"इखानं," न्दुका म्हणाला. "सासू इख घालती. त्यावरच तर गोष्ट हाय."

"मला तर सांगितलंत, आई पोरांसाठी प्रेमानं रांधते म्हणून!"

"त्ये बी हाय की. पोराला प्रेमानंच वाढती. इख निस्तं सुनंला."

पैसेवाल्यांना गोष्ट एका ओळीत सांगायची, ही आसाबाची रीतच. बाकीची गोष्ट सांगायला लागलं की ते हात आखडतात.

अडेगोकेनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो, आमचा डबा आणि मढं एकाच चित्रात! उद्या सगळा देश म्हणेल, वडी खाऊन मेली. उचला तो डबा! वाक्य काढा! हे सगळं पुसा आणि माझ्यासमोर पुसा!"

मढं उठून बसलं आणि तोंडाचा फेस पुसत फिदीफिदी हसायला लागलं.

अझुकानं डबा उचलला. तिच्या हाताला तो पिसासारखा हलका लागला. तिनं तो मान लववून, अगदी अदबीनं अडेगोकेच्या हातात दिला. "घ्या सायेब. सुखरूप ऱ्हाऊ द्या."

मग परसातल्या भिंतीला पाठ टेकून तिनं असा मोठा श्वास सोडला की चुलीतली राख उडावी. ओन्येमाशेजारची आपली जागा, सावलीला ठेवलेली पाटी, ओळीतल्या बायकांच्या शिव्या, सगळं जागच्या जागी होतं.

"मावशे," न्दुका लाडात आला, "डब्याची जागा रिकामी दिसतीया. तुजी ओगिरीच ठिवू का?"

"इखाच्या भांड्यापाशी? माजी ओगिरी?" तिनं पळी उगारली. "तुला फेफरं आलं का काय? मीठ ठिव, मीठ! मिठाला कुनी सोडत न्हाई."

सगळी मंडळी हसली. अडेगोके तेवढा रुमालानं डबा पुसत बसला.

अझुका पुन्हा स्टुलावर बसली. पुरचुंडीत विष म्हणून नव्यानं कसाव्याच्या कंदाचं पीठ भरलं, कमरेला खोचली आणि भुवया आवळून कपटी सासूचं तोंड केलं.

"चला रं," ती म्हणाली, "सुनंला इख घालायचं ऱ्हायलंय."