दुसऱ्या खिळ्यावरची चिठ्ठी

महिन्यापूर्वी सकाळी नफिसाचा फोन आला. “सर, अब्बा गेले...” चहाचा कप तसाच ठेवून मी तिच्या घरी निघालो.

दस्तगीरभाई शिंपी. मी शाळेत मराठी शिकवायचो, ते माझे शर्ट शिवायचे, आणि तीस वर्षं नेहमी सैलच शिवले म्हणून आमची भांडणं. त्यांच्या नफिसाला भाषाशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. भाई नको म्हणाले आणि तिनं अबोला धरला. एक दिवस तिची वही घेऊन ते माझ्याकडे आले. वहीत क्लिंगॉन होती, अंतराळातल्या लढवय्यांसाठी कुणीतरी रचलेली भाषा. “सर, पोरगी ह्यातच रमलीय. हिच्याच भाषेत बोललो तर बोलंल की! शिकवा मला.” मला तरी कुठली येतेय? पण बसलो दोघं.

क्रियापदाच्या मागं लागणाऱ्या प्रत्ययांचे नऊ गट, त्यांचा क्रम ठरलेला, एका वेळी गटातला एकच घ्यायचा. भाईंनी मशीनसमोरच्या भिंतीवरची रिळं उतरवली आणि खिळ्यांवर क्लिंगॉन प्रत्ययांच्या चिठ्ठ्या लावल्या. सुरुवातीला ‘पाठवणे’, मग नऊ खिळे. दुसऱ्यावर ‘भीती वाटते’, म्हणजे पाठवायला भीती वाटते. महिनाभर तीच! मी चिडलो, तर म्हणाले, त्याच गटातली ‘तयार आहे’ची चिठ्ठी सापडत नाही. मला ते निमित्त वाटलं, आणि तसं मी तोंडावर बोललोही.

मग एके दुपारी गडमुडशिंगीच्या एक बाई तणतणत आल्या. ‘तयार आहे’ची ती हरवलेली चिठ्ठी, वर क्लिंगॉन अक्षरं असलेली, मापाची समजून भाईंनी बाईंच्या ब्लाउजलाच टाचून दिली होती. “अवो भाई, ही काय करणी हाय व्हय? सासूनं उंबऱ्यात आडवलं मला!” भाईंनी खाली मान घालून सगळी हकिकत सांगितली. बाई निवल्या. “मग लावा की जाग्यावर! पोरगी शिकतो म्हणतीया, त्यात भ्यायचं काय?”

भाईंनी जुनी चिठ्ठी काढली, ही लावली. संध्याकाळी नफिसाला बोलावून अडखळत क्लिंगॉनमध्ये म्हणाले, तुला पाठवायला तयार आहे. “उच्चार चुकला, अब्बा,” ती म्हणाली आणि रडायला लागली. चार महिन्यांनंतरचं ते पहिलं बोलणं.

परवा दुकानात गेलो. आता तिथं भाईंचा पुतण्या यासीन बसतो. खिळ्यांवर पुन्हा रिळं आली आहेत, दुसऱ्यावर मात्र ती चिठ्ठी. पुण्याहून आलेल्या नफिसाला म्हटलं, जाताना घेऊन जा, अब्बांची आठवण.

“न्हाय सर, हितंच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “यासीनभाईची पोरगी औंदा बारावीला हाय.”