शिसवीचा तंबोरा आणि माझा उजवा पाय

माझं लग्न एका शिसवीच्या ओंडक्यामुळे मोडता मोडता राहिलं.

आमचे आप्पा नवापूरचे लाकडाचे व्यापारी. कुणी भेटायला आलं की आप्पा आधी त्याच्या बैलगाडीची चाकं कशाची आहेत ते बघायचे आणि मग त्याला राम राम करायचे. मी लग्नाची झाले तेव्हा रनाळ्याचं एक स्थळ सांगून आलं. मुलाचे वडील भजनाचे भारी शौकीन आहेत, असं कळलं. मला दोन-तीन भजनं येत होती. शाळेतल्या मास्तरांनी ती शिकवली होती आणि सरावाला आपला तंबोराही दिला होता. भोपळ्याचा, वर तुणीच्या लाकडाची दांडी, एका हाताने उचलावा इतका हलका. तार छेडली की खोलीत मोहोळ उठल्यासारखं गुंजत राहायचं. त्या गुंजण्यात माझा आवाज कुठे चढला आणि कुठे घसरला, ते कुणाला कळायचं नाही. (म्हणूनच मला तो तंबोरा फार आवडायचा.)

एका दुपारी आप्पांनी मला सराव करताना पाहिलं.

"हाई खाले काय शे?" त्यांनी विचारलं.

"भोपळा," मी म्हणाले.

आप्पांचा चेहरा उतरला. "मन्ही लाकडंनी वखार, आनि मन्ही पोर पाव्हणासमोर भाजी लिसन बठी?"

आईने समजावून पाहिलं की सगळे तंबोरे असेच असतात. आप्पांनी ऐकलं नाही. वखारीत शिसवीचा एक जुना ओंडका त्यांनी लेकरासारखा जपून ठेवला होता. तो त्यांनी हसनचाचांच्या हवाली केला आणि भोपळ्याचा तंबोरा मास्तरांना परत पाठवला. हसनचाचा दारांच्या चौकटी आणि खाटा करायचे. तंबोरा त्यांनी जन्मात केला नव्हता. पण हौस दांडगी. फार कोरलं तर लाकूड तडकेल, या भीतीने त्यांनी आतून बेताचंच कोरलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दोन हमाल तो तंबोरा घेऊन आले.

दिसायला देखणा होता. काळाभोर, आरशासारखा चकचकीत. मी तार छेडली. तार वाजली आणि लगेच गप्प झाली, कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखी.

"भिंतवर टिचकी मारी तशी वाजस," आई म्हणाली.

"नई चीज है, बहेन," हसनचाचा म्हणाले. "धीरे धीरे बोलेगी. लेकिन टूटेगी कभी नहीं."

तुटण्याची काळजी आम्हाला नव्हतीच. मी मास्तरांचा तंबोरा परत आणायला माणूस पाठवला, तर मास्तर तो घेऊन बहिणीकडे नंदुरबारला गेले होते.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले: मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. निर्णय आत्याच्या हातात आहे, हे ती बसली त्यावरूनच कळलं. मी पाटावर मांडी घालून बसले आणि आप्पांनी स्वतः तंबोरा उचलून माझ्या उजव्या मांडीवर ठेवला. पाटा-वरवंटा ठेवल्यासारखं वाटलं. मी गायला लागले. तंबोरा साथ देईना, त्यामुळे माझा आवाज बिचारा एकटाच भर बाजारात सापडल्यासारखा सैरावैरा झाला. पण मुलाच्या वडिलांनी डोळे मिटून मान डोलावली.

"आखो एक म्हन, बेटा."

मी आणखी एक म्हटलं. निम्म्यावर आले तेव्हा उजव्या पायाला मुंग्या आल्या. संपलं तेव्हा मुंग्याही गेल्या आणि पायही गेला. मी आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. आईला वाटलं, मी लाजतेय. तिने मला डोळ्यांनीच धीर दिला. मुलाचे वडील म्हणाले, "आखो एक." आप्पांची छाती शिसवीकडे पाहून फुगली होती.

तिसरं भजन मी कसं म्हटलं ते मला आठवत नाही. कमरेखाली अर्धी बाजू कुणा दुसऱ्याची असावी, असं वाटत होतं. शेवटी आप्पांनी तंबोरा उचलला आणि मी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आत्या म्हणाली,

"पोरी, जराखं चालीसन दाखाड."

मी भिंतीला धरून उठले. डावा पाय पुढे टाकला. मग उजवा टाकला, म्हणजे टाकायचा प्रयत्न केला. तो आपला मागेच लोंबकळत राहिला. मी एक गिरकी घेतली आणि कोनाड्याला मिठी मारून उभी राहिले.

आत्या भावाच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "पोर लंगडी शे."

"लंगडी नही," आप्पा म्हणाले. "तंबोरा जड शे. पायले मुंग्या उन्यात."

"तंबोरानी पोर लंगडी व्हस? आम्ही बी तंबोरा देखेल शे."

आई पदराने डोळे पुसायला लागली. मी कोनाडा सोडायला तयार नव्हते. 'लंगडी पोर खपवत होते' ही गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर होणार, आणि नंतर कुणी स्थळ घेऊन आमच्या दाराशी फिरकणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या स्पष्ट दिसत होतं.

इतका वेळ खाली मान घालून बसलेला मुलगा तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"मी बठीसन देखस."

तो पाटावर बसला. आप्पांनी तंबोरा त्याच्या मांडीवर ठेवला. आईने चहा आणला. सगळे चहा पीत त्याच्या पायाकडे पाहत होते. आप्पा तर बशी ओठाला लावून चहा प्यायचंच विसरले. माझ्या पायात हळूहळू जीव येत होता आणि त्याबरोबर भयंकर कळा येत होत्या, पण मी तोंड वाकडं केलं नाही. चहा संपला. आत्या म्हणाली, "उठ बरं."

मुलाने तंबोरा खाली उतरवला, तो उठला, एक पाऊल चालला आणि आप्पांच्या अंगावर कोसळला. आप्पांच्या हातातली बशी आत्याच्या लुगड्यावर गेली.

आत्याने लुगडं झटकलं. तंबोऱ्याला बोट लावून हलवून पाहिलं. तो हलला नाही. "माय वं," ती म्हणाली, "कितलं वजन शे." मग मला जवळ बोलावून पुन्हा चालायला लावलं. मी सरळ चालले. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, शेतातून घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, त्या दिवशी तुमचाही पाय बधिर झाला म्हणून मी वाचले.

"मन्हा पाय चांगला व्हता," तो म्हणाला. "मी मुद्दाम पडनू."

माझा ऊर भरून आला. मी विचारलं, पहिल्या भेटीतच माझ्यावर एवढा जीव जडला होता का?

त्याने वाकून चपलेतला खडा काढला. मग म्हणाला, "मी पडतू नही, तर आत्यानी खात्री कराले तुले परत बसाडं असतं. आनि बाबानी आखो एक भजन सांगं असतं."